सदरा सांगलीला पाठवला

१ सप्टेंबर १९४६, रविवार. कोरेगाव.

आजपासून डायरी. पलटणीत सप्लाय डेपोचा हवालदार-क्लार्क असताना रोजचा रिपोर्ट लिहायचो. ती सवय सुटली म्हणूनच मला हल्ली झोप लागत नाही, असं माझं निदान आहे. डिस्चार्ज मिळून वर्ष झालं. प्रकृती ठणठणीत. फक्त झोप नाही, हात थोडे कापतात, आणि स्टेशनात इंजिनानं शिटी दिली की मी ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसतो. ही शेवटची सवय वाईट म्हणता येणार नाही. सावध माणूस जास्त जगतो.

निश्चय केले. पहाटे पाचला उठायचं. ओढ्यापर्यंत चालून यायचं. तंबाखू बंद. घरात कोणावर ओरडायचं नाही.

२ सप्टेंबर

साडेसातला उठलो. ओरडलो, पण त्याला कारण होतं. हरणाबाईनं पितळी खाली पाडली. माझी बायको कामाला वाघीण आहे, पण पितळी पडल्याचा आवाज कसा होतो हे इटलीत राहून आल्याशिवाय तिला कळायचं नाही. तंबाखू फक्त दुपारी खाल्ली.

५ सप्टेंबर, गुरुवार

वजीर येऊन गेला. आमच्याच डेपोत शिंपी होता. आता बाजारात मशीन टाकून बसतो. इटलीहून आल्यावर हा रात्र-रात्र दारात उकिडवा बसलेला असायचा. आता म्हणे झोपतो. सांगलीला कोणी डॉक्टर आहेत. लढाईत मिलिटरी हॉस्पिटलात बिथरलेल्या जवानांना बघायचे. बाटली नाही, पुडी नाही, समोर बसवतात आणि बोलायला लावतात. मला म्हणाला, गड्या, तू बी जा. छातीवरचा धोंडा उतरतोय बग.

मी म्हणालो, माझ्या छातीवर धोंडा नाही. तर म्हणतो, मग कनगीमागं कोन जातंय?

ही बातमी हरणाबाईकडूनच फुटली असणार. बायकांना मिलिटरी सीक्रेट कळत नाही.

८ सप्टेंबर

वजीर सांगतो की ते डॉक्टर पार लहानपणापासूनचं विचारतात. मला विचारून त्यांना काही मिळणार नाही. माझं लहानपण उत्तम गेलं. आई कळायच्या आधी वारली, त्यामुळे तिच्यावाचून काही अडलं नाही. आबांनी एकट्यानं वाढवलं. म्हणजे घरात एकच हुकूम चालायचा. याहून चांगली डिसिप्लिन कोणती? मी रडलो की आबा मला मोटेच्या दोरानं बांधून विहिरीत सोडायचे. रडणं थांबलं की वर ओढायचे. कधी कधी विसरून जेवायला जायचे. त्यामुळे मी फार लवकर गप्प बसायला शिकलो. पलटणीत याचा मला अतिशय फायदा झाला.

आबा आता थकलेत. ओसरीवर ऊन खात बसतात. दिसतं कमी, ऐकू मात्र नको तेवढं येतं. त्यांच्याविषयी माझ्या मनात फक्त आदर आहे. त्यांच्यासमोर उभं राहिलं की पोटात कळ येते, पण तो वात.

१२ सप्टेंबर

हे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. आम्हाला एक मुलगी होती. तानी. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात गेली. मी इटलीत होतो. तार हातात आली तेव्हा बिस्किटांच्या डब्यांचा स्टॉक घेत होतो. मेजरसाहेब म्हणाले, जा, पडून राहा. मी पडलो नाही. स्टॉक पुरा केला. एका डब्याचीही चूक निघाली नाही. साहेबांनी पाठ थोपटली. इतर जवान अशा वेळी गळे काढायचे, ते मी पाहिलेलं आहे.

तिला काय झालं होतं, कशी गेली, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारून माणूस परत येत नाही. हरणाबाईनंही आपणहून सांगितलेलं नाही. घरात तिचं नाव निघत नाही. धीर धीर म्हणतात तो हाच. आमच्या घरात तो भरपूर आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

हरणाबाई माझा सदरा घेऊन नाथाजी देवऋषीकडे जाऊन आली. मला न विचारता. आमच्याकडची रीतच आहे. दुखणाईत माणूस जाऊ शकत नसला, किंवा जात नसला, की त्याच्या अंगावरचं न धुतलेलं वस्त्र पाठवायचं. वस्त्र बघून देवऋषी माणसाचं सांगतो. नाथाजीनं सदरा हुंगला आणि म्हणाला, परमुलखातलं वारं लागलंय, कोंबडा उतरून टाका.

मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. कोंबडा टाकला.

झोप नाही. मात्र रीत सोयीची आहे हे कबूल करावं लागेल. माणसाला कामधाम सोडून कुणाच्या दारात बसावं लागत नाही.

१८ सप्टेंबर

योजना पक्की केली. इतकी सोपी की आधी सुचली कशी नाही याचं नवल वाटतं. सांगलीच्या डॉक्टरांकडे हरणाबाईनं जायचं, माझा सदरा घेऊन. अडाणी नाथाजीला सदऱ्यावरून जे कळतं, ते विलायती शास्त्र शिकलेल्या माणसाला दसपट कळेल. मी स्वतः गेलो तर दोन अडचणी. एक, पलटणीतला कोणी दारात बघायचा आणि सगळ्या जिल्ह्यात बोभाटा व्हायचा. दुसरी, शेताकडं कोण बघणार? शेत वाट्यानं दिलेलं आहे, पण बघावं लागतंच.

हिची बहीण कुपवाडला दिलेली. तिथून सांगली हाकेवर. एक आठवडा आड बुधवारी निघायचं, बहिणीकडे मुक्काम, गुरुवारी डॉक्टर, शुक्रवारी परत.

हरणाबाई म्हणाली, आवं, त्यो देवरुशी न्हाई, डाक्टर हाय. त्येला मानूस लागतंय, सदरा न्हाई.

मी म्हणालो, ऑर्डर इज ऑर्डर. तिला इंग्रजी येत नाही, पण अर्थ कळला.

२५ सप्टेंबर, बुधवार

सदऱ्यावरून वाद. मला खाकी सदरा कडक इस्त्री करून पाठवायचा होता, पहिली छाप महत्त्वाची. ही म्हणते घामाचाच पाहिजे, रीत तशी हाय. शेवटी मधला मार्ग काढला. खाकी सदऱ्याला इस्त्री केली आणि दोन रात्री तोच घालून आडवा झालो. झोपलो नाही, म्हणून इस्त्री बऱ्यापैकी राहिली.

हरणाबाईकडून पाठ करून घेतलं. सांगायचं काय: झोप, हात, शिटी. सांगायचं नाही काय: आबा, विहीर, आणि ती एक गोष्ट. तिनं मान डोलावली. सकाळच्या मिरजेच्या गाडीनं गेली. शिटीच्या वेळी मी कणगीमागं होतो, म्हणून निरोप देता आला नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कुठं आहे? हिनं पिशवीतून सदरा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ह्ये बगा. डॉक्टर सदऱ्याकडे बघत राहिले, मग हिच्याकडे. मग उठून त्यांनी सदरा शेजारच्या खुर्चीच्या पाठीला नीट लावला आणि म्हणाले, बरं, हवालदारसाहेबांना बसू दे. तुम्ही सांगा.

अपेक्षेपेक्षा समजदार माणूस निघाला. रँकचा मान राखला.

हिनं तिन्ही गोष्टी सांगितल्या. बोलणं लगेच आटपलं. मग डॉक्टरांनी हिला विचारलं, तुमची झोप कशी आहे? ही म्हणाली, माजं काय इचारता, दुखनं ह्येंचं हाय. अगदी बरोबर उत्तर दिलं. डॉक्टरांचा तेवढा एक प्रश्न वायफळ होता, पण चालायचंच.

२८ सप्टेंबर

फरक आहे. आज दिवसभरात एकदाच ओरडलो, तेही आबांच्या वतीनं.

१० ऑक्टोबर, गुरुवार, दुपार

आज ट्रीटमेंटचा दिवस. सकाळी अंघोळ करून घोंगडीवर पडून राहिलो, उपचार नीट लागावा म्हणून. अकराच्या सुमाराला डोकं हलकं झालं. खांद्यावरून काहीतरी उतरत असल्याचं स्पष्ट जाणवलं. सांगलीत बोलणं सुरू झालं हे इथं कोरेगावात कळत होतं. डोळा लागला. विहिरीचं स्वप्न पडलं, पण त्यात विशेष काही नव्हतं. नेहमीचीच विहीर.

१२ ऑक्टोबर

हरणाबाई एक दिवस उशिरा आली. डॉक्टर गुरुवारी कामानिमित्त मिरजेला होते, म्हणून शुक्रवारी भेटले. मग गुरुवारी मला जे जाणवलं ते काय? याचा अर्थ उपचार आधीच लागू पडला. शास्त्राला अजून बरंच शोधायचं आहे.

डॉक्टरांनी हिच्याबरोबर प्रश्न पाठवला: लहानपणी मारत कोण होतं? मी म्हणालो, सांग, कोणी नाही. आबांनी मला हात लावला नाही, दोर लावला. हरणाबाई म्हणाली, म्या समदंच सांगून आले, हिरीचं बी. ऑर्डर नसताना. आणि डॉक्टर काय म्हणाले? तर म्हणाले, ते अजून वर आलेले नाहीत.

याला मी शास्त्र म्हणत नाही. मी गेली वीस-पंचवीस वर्षं जमिनीवर आहे. सरकारी कागद आहेत त्याचे.

१३ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरांचं म्हणणं खोडून काढण्यासाठी विहिरीत उतरून गाळ बघायचं ठरवलं. पावसाळा संपला की बघावाच लागतो. वजीरला साक्षीदार म्हणून बोलावलं. आबाही काठी टेकत आले, येऊन मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर बसले.

दोन पायऱ्या उतरलो. तिसरी शेवाळलेली वाटली. शिवाय खाली हवा कमी असावी, कारण मला श्वास घेता येईना. तांत्रिक कारणामुळे वर आलो. वर येताना हातापायांवर आलो, ते पकड चांगली राहते म्हणून. वजीरनं उचलून बसवलं.

आबा म्हणाले, भ्यालास व्हय रं. तसाच ऱ्हायलास तू.

आबांचा स्वभाव पहिल्यापासून थट्टेखोर.

गाळ पुढच्या वर्षी बघू.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी शांततेत पार पडली. पोरांनी फटाके लावले त्या वेळात मी धान्याची पाहणी केली. चारही दिवस केली. कणगीला उंदीर नाही.

परवाच्या गुरुवारी, दिवाळीमुळे आठवडाभर उशिरा, तिसरी ट्रीटमेंट झाली. फायदा वाढता आहे, आता ओरडणं फक्त संध्याकाळी. पण एक गोष्ट लिहून ठेवतो. आज पहाटे जात्यावर हरणाबाई गुणगुणत होती. आमच्या घरात दोन-अडीच वर्षांत गुणगुणणं झालेलं नाही. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, कुठं काय. आणि पीठही बारीक आलं होतं.

माझ्या उपचाराचा थोडा अंश येता-जाता हिला लागत असावा. औषधाची बाटली नेणाऱ्याच्या हाताला वास लागतो तसं. हरकत नाही.

३ नोव्हेंबर

वजीर म्हणतो, लालासाहेब, आता तरी सवता जा. त्या बाईला किती हेलपाटं घालाय लावतोस? मी त्याला समजावलं की माझ्या केसची पद्धत वेगळी आहे. तो मान खाली घालून काजं करत बसला. अर्धशिक्षित माणसाला नवी पद्धत पटत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी अंघोळ, घोंगडी, पडून राहिलो. अकराच्या सुमाराला नेहमीप्रमाणे हलकं वाटायला लागलं. कूस बदलली तर समोर खुंटीवर खाकी सदरा.

हरणाबाई कालच गेली. सदरा इथं.

मग तिकडे खुर्चीवर कोण बसलं आहे?

जेवलो नाही. सदरा घालून बसलो, काढून बसलो. काही फरक नाही. वजीरच्या दुकानात जाऊन सांगितलं. तो मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिला. हसला असता तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर

चौकशी केली. हरणाबाई आधी म्हणाली, इसरले. मग भाकरी उलटून म्हणाली, इसरले न्हाई. त्येचं तितं काय काम नव्हतं.

मी विचारलं, माझ्या सदऱ्याचं काम नाही तर मग काम कोणाचं? ती पुढची भाकरी थापायला लागली. डोळे सुजलेले दिसले, पण तोंडावर तजेला होता. जेवून पडली ती सकाळपर्यंत हललीसुद्धा नाही. मी जागाच होतो, म्हणून माहीत. इतकं गाढ झोपणं घरातल्या बाईला शोभत नाही. शिवाय झोप ही माझी तक्रार होती.

३० नोव्हेंबर, शनिवार

आता थेट विचारायचं ठरवून विचारलं. तिथं माझ्याविषयी काय बोलणं चालतं?

तुमचं दोन येळंलाच झालं, म्हणाली.

मग एवढे दिवस कशाविषयी बोलता?

हरणाबाई जळण पुढं सारत होती. हात न थांबवता म्हणाली, तानीचं.

घरात हे नाव मी परत आल्यापासून पहिल्यांदा निघालं. आबा ओसरीवर खाकरले. मी उठलो आणि म्हशीला पाण्यावर घेऊन गेलो. तिला तहान नव्हती. तरी उभा राहिलो.

म्हणजे माझ्या ट्रीटमेंटचा वेळ परस्पर दुसऱ्या कामाला वापरला गेला. पलटणीत याला कडक शिक्षा आहे. पण मी ओरडलो नाही, याची नोंद असावी. घसा बसला होता.

८ डिसेंबर, रविवार

बाजारात गेलो होतो. वजीरच्या दुकानासमोर त्याची धाकटी पोरगी खेळत होती. अंगात हिरवा परकर, पिवळ्या काठाचा. तो परकर मी ओळखतो. बेचाळीस सालच्या रजेत साताऱ्याहून आणला होता. तेव्हा तानीला तो मोठा झाला, म्हणून हरणाबाईनं ट्रंकेत घालून ठेवला. मोठी झाल्यावर घालीन म्हणाली होती. पुढं घातला की नाही, मला माहीत नाही.

रस्त्यातच बसलो. डिसेंबरातलं ऊन फसवं असतं. वजीरची बायको जरिना धावत आली, पाणी दिलं. वजीरनं आत नेलं आणि कापडाच्या ढिगावर बसवलं. माझे हात नेहमीपेक्षा जास्त कापत होते, ते त्यानं आपल्या गुडघ्यावर दाबून धरले. दुकानात गिऱ्हाईक होतं. असं करायला नको होतं.

घरी येऊन हरणाबाईला खडसावलं. घरातली वस्तू न विचारता दिलीच कशी? ती म्हणाली, ट्रंकंत कुजन्यापरीस कुनाच्या तरी अंगाला लागंल. तुमास्नी ठिवायचा हुता व्हय? कवा बोलला न्हाईसा.

यावर उत्तर होतं, पण त्या वेळी आठवलं नाही. अजूनही आठवतो आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

हरणाबाई काल परत आली. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही यायची गरज नाही, वाटलं तर या. म्हणजे डिस्चार्ज. पेशंट मी, आणि डिस्चार्ज हिला. सरकारी खात्यातसुद्धा असा घोळ मी पाहिलेला नाही.

आल्याबरोबर तिनं चुलीमागची भिंत सारवली. जरिना आली होती, दोघी हसत होत्या. कशावर हसतात ते कळलं नाही. मी जवळ गेलो की थांबतात.

आज पहिल्यांदा वाटलं की विचारावं. तानीला काय झालं होतं ते. सहज. माहिती असावी म्हणून. उद्या विचारतो.

१५ डिसेंबर

आज रविवार. रविवारी असले विषय नकोत.

१७ डिसेंबर

विचारणार होतो. ती गवताला गेलेली.

१८ डिसेंबर

ती घरी होती. मी शेताकडे गेलो.

२२ डिसेंबर, रविवार

विचारलं.

ती भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात उभं राहून, पाठ केलं होतं तसंच म्हणालो, तानीच्या शेवटच्या आजाराची माहिती मला अद्याप मिळालेली नाही.

हरणाबाईचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी ती उठली नाही. मग म्हणाली, लय उशीर केलासा.

मी म्हणालो, हरकत नाही, आता सांग.

ती म्हणाली, आता न्हाई. तुमी आलासा त्या दिवसापास्नं वाट बगितली. आज इचारतील, उद्या इचारतील. वरीस गेलं. मग जितं इचारलं तितं सांगितलं. एकदा समदं बोलले, त्या तापातनं एकदा भाईर आले. फिरून त्यात जायाचं माज्यात न्हाई.

मी ऑर्डर दिली. ती म्हणाली, ऑर्डर पलटनीत.

मग आवाज न चढवता म्हणाली, डाक्टरांस्नी इचारा. त्यास्नी ठावं हाय.

करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली. मी मागितली तरी दिली नाही.

२४ डिसेंबर

घरात दुसरा साक्षीदार आबा. त्यांना विचारलं. हे सर्वांत सोपं होतं, उगीच इतके दिवस घालवले. आबा तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेत म्हणाले, पोरगी हुती, मेली. पोरी मरत्यात. तुजी आय बी आशीच मेली, म्या काय कुनाला इचारत बसलो न्हाई.

पोटात कळ आली. वात.

ओसरीवरून उतरताना आबांची काठी पायात आली. ती मी उचलली आणि परड्यात लांब फेकून दिली. मुद्दाम नाही. म्हणजे फेकली मुद्दाम, पण विचार करून नाही. आबा संध्याकाळपर्यंत जागेवर बसून हाका मारत होते. हरणाबाईनं शोधून आणून दिली. मी कणगीमागं होतो. आज एकही गाडी वेळेवर नव्हती, शिटीची वाट बघून कंटाळा आला.

२ जानेवारी १९४७, गुरुवार

नव्या वर्षाचे निश्चय: सांगलीला स्वतः जायचं. उपचारासाठी नव्हे. माहिती मिळवायला. डॉक्टरांशी दोन शिकलेली माणसं बोलतात तसं बोलायचं, माहिती घ्यायची, परत यायचं.

९ जानेवारी, गुरुवार

स्टेशनापर्यंत गेलो. गाडी आत येताना शिटी झाली. पार्सल ऑफिसमागं थोडा वेळ थांबलो. तेवढ्यात गाडी गेली. वजीर पोचवायला आला होता. त्यानं माझी पिशवी घेतली आणि आम्ही चालत घरी आलो. वाटेत म्हणाला, फुडल्या बारीला म्या डब्यात बसून येतो तुज्यासंगं. मी म्हणालो, गरज नाही. तो म्हणाला, तुला न्हाई, मला सांगलीत काम हाय. काय काम आहे ते सांगेना.

१६ जानेवारी, गुरुवार. कुपवाड, मेव्हणीचं घर.

पोचलो. वजीर शेजारी होता. शिटीच्या वेळी त्यानं मोठमोठ्यानं शिंपीकामाच्या गोष्टी सांगितल्या. सांगलीत त्याला काही काम नव्हतं. डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिला.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान निघाले. चष्मा, डोक्याला टोपी नाही. मी सॅल्यूट केला. ते म्हणाले, अखेर आलात, बसा. मी म्हणालो, बसायला वेळ नाही, एक माहिती हवी आहे. माझी मुलगी चव्वेचाळीस साली वारली, तिची हकीकत आपल्याकडे आहे. तेवढी सांगा.

डॉक्टर म्हणाले, पेशंटनं या खोलीत सांगितलेलं मला बाहेर सांगता येत नाही.

मी विचारलं, पेशंट कोण?

तुमच्या पत्नी.

मी म्हणालो, सदरा माझा होता.

डॉक्टर म्हणाले, हो. पण बोलल्या त्या.

यावर बराच वाद घातला. मुलगी माझीही होती, हा मुद्दा मांडला. शेवटी आवाज चढला. बाहेर वजीरचं खाकरणं ऐकू आलं. डॉक्टरांनी मला थांबवलं नाही. मी दमलो तेव्हा म्हणाले, तुमचीही होती, म्हणूनच सांगतो. त्यांचं त्यांनी सांगितलं. तुम्ही तुमचं सांगा. तिच्याविषयी जे आठवत असेल ते. आपल्याकडे एक तास आहे.

मी बसलो. एक तास पुरणार नाही असं वाटलं, म्हणून लगेच सुरुवात केली.

भरती झालो तेव्हा ती आईच्या पोटात होती. रजेवर आलो तेव्हा सव्वादोन-अडीच वर्षांची. केस कुरळे होते, बहुतेक. माझ्या बुटांना भ्यायची. आईच्या पदराआडून बघायची, मी बघितलं की तोंड लपवायची. परकर दाखवला तर परकर ओढून घेऊन पळाली. रजा संपायच्या आदल्या दिवशी सगळी जेवायला बसलो होतो. तेव्हा माझ्याकडे बोट करून तिनं आईला विचारलं, आये, ह्यो मानूस कवा जानार?

सगळे हसले. मीही हसलो.

इथं थांबलो. आणखी काय आहे ते आठवत राहिलो. डॉक्टरांनी विचारलं, मग?

मी म्हणालो, मग काय, मग मी गेलो.

डॉक्टर वाट बघत राहिले. त्यापुढचं मला काही माहीत नव्हतं. तास संपायला बराच वेळ होता, म्हणून तसाच बसून राहिलो.